दिवाळखोरीचा अर्ज: दोघांनी मिळून की एकट्याने?

अमेरिकेत नोकरी गेली, दुकान बसलं किंवा मोठं आजारपण आलं, की घरखर्च हळूहळू क्रेडिट कार्डांवर येतो. एका कार्डाचा किमान हप्ता भरायला दुसरं कार्ड वापरावं लागतं. शेवटी कुणीतरी दिवाळखोरीचं नाव काढतं आणि वकिलाकडे गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांतच प्रश्न येतो: अर्ज दोघांचा करायचा की एकाचा? काही जोडपी लगेच म्हणतात, "नवरा-बायको आहोत, दोघांचाच करा." काही जण म्हणतात, "तिचं नाव यात अजिबात नको." ही दोन्ही उत्तरं घाईची आहेत. कुठलं कर्ज कोणाच्या सहीचं आहे, कुठली मालमत्ता कोणाच्या नावावर आहे आणि तुम्ही कुठल्या राज्यात राहता, हे कागदावर मांडल्याशिवाय याचं उत्तर देता येत नाही.

आधी थोडी पायाभूत माहिती. अमेरिकेचा दिवाळखोरी कायदा केंद्रीय आहे, १९७८ सालचा. त्याच्या कलम ३०२ नुसार नवरा-बायको एकच संयुक्त अर्ज करू शकतात. ही सोय फक्त विवाहितांना आहे. लग्न न करता एकत्र राहणारे, भाऊ-भाऊ किंवा धंद्यातले भागीदार तो करू शकत नाहीत. सामान्य कुटुंबासाठी दोन मार्ग असतात. चॅप्टर ७ मध्ये कोर्टाच्या देखरेखीखाली एक ट्रस्टी तुमची मालमत्ता तपासतो, कायद्याने सूट दिलेल्या वस्तू तुमच्याकडे राहतात, उरलेलं काही असेल तर ते विकून घेणेकऱ्यांना वाटलं जातं आणि साधारण चार महिन्यांत बहुतेक बिनतारण कर्जांतून सुटका मिळते. चॅप्टर १३ मध्ये मालमत्ता हातात ठेवून तीन ते पाच वर्षं ठरलेला हप्ता भरायचा असतो. अर्जासाठी अमेरिकेचं नागरिकत्व लागत नाही. तिथे राहत असाल किंवा तिथे तुमची मालमत्ता असेल तर अर्ज करता येतो, आणि केवळ अर्ज केला म्हणून व्हिसा रद्द होत नाही.

संयुक्त अर्जाचा दिसायला सगळ्यात सोपा फायदा खर्चाचा आहे. कोर्टाची फी चॅप्टर ७ साठी ३३८ डॉलर आणि चॅप्टर १३ साठी ३१३ डॉलर. एकाने अर्ज केला तरी तेवढीच, दोघांनी मिळून केला तरी तेवढीच. वकीलही एकाच प्रकरणाची फी घेतो. अर्जाआधीच्या १८० दिवसांतलं क्रेडिट समुपदेशन आणि अर्जानंतरचा आर्थिक शिक्षणाचा छोटा कोर्स मात्र दोघांनाही स्वतंत्रपणे करावा लागतो, आणि ट्रस्टीसमोर शपथेवर उत्तरंही दोघांना द्यावी लागतात. पण फी वाचते म्हणून संयुक्त अर्ज करणं हे फार कच्चं कारण आहे. खरे पैसे पुढच्या गोष्टींत वाचतात किंवा जातात.

सही कोणाची?

दिवाळखोरीतून सुटका होते ती अर्ज करणाऱ्या माणसाची. कर्ज दोघांच्या नावावर असेल आणि नवऱ्याने एकट्याने अर्ज केला, तर नवरा सुटतो आणि बँक तेच पूर्ण कर्ज बायकोकडे मागू शकते. अर्धं नव्हे, पूर्ण. हे अनेकांना माहीत नसतं आणि त्याचा फटका फार वाईट बसतो. ज्याने एकट्याने अर्ज केला तो निश्चिंत होतो आणि दोन महिन्यांनी वसुलीचे फोन बायकोच्या मोबाइलवर यायला लागतात.

म्हणून प्रत्येक कर्जाचा मूळ करार काढून बघा. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत एक फरक महत्त्वाचा आहे. भारतात ज्याला आपण ॲड-ऑन कार्ड म्हणतो, तसं तुमचं नाव केवळ ऑथराइज्ड यूजर म्हणून असेल तर सर्वसाधारणपणे ते देणं तुमच्या अंगावर नसतं. पण मूळ अर्जावर दोघांच्या सह्या असतील तर दोघंही पूर्ण जबाबदार. क्रेडिट रिपोर्टवर प्रत्येक खात्यापुढे हे लिहिलेलं असतं. तिन्ही मोठ्या कंपन्यांचे, म्हणजे एक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियनचे रिपोर्ट दोघांचेही वेगवेगळे काढा. आपल्या घरांमध्ये बहुतेक वेळा पैशांचं सगळं एकच जण बघतो आणि दुसरा दाखवेल तिथे सही करतो. हा अर्ज त्या पद्धतीने करू नका. त्यावरची प्रत्येक ओळ खरी आहे असं सही करणारा शपथेवर सांगत असतो, आणि "यांनीच सगळं भरलं होतं, मला माहीत नाही" हे तिथे चालत नाही.

काही कर्जं सही नसतानाही दुसऱ्याच्या अंगावर येतात. आयकर विवरणपत्र दोघांनी मिळून भरलं असेल तर त्यातून निघालेल्या थकबाकीला दोघंही जबाबदार असतात. औषधपाण्यासारख्या आवश्यक खर्चाचंही काही राज्यांत तसंच आहे. न्यू जर्सीत राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली ठरवलं की एका जोडीदाराच्या अशा खर्चासाठी दुसराही जबाबदार असू शकतो, मात्र हॉस्पिटलने आधी ज्याचा खर्च आहे त्याच्या मालमत्तेतून वसुली करायला हवी. तेव्हा न्यू जर्सीत हॉस्पिटलचं मोठं बिल नवऱ्याच्या नावावर आहे म्हणून बायको आपोआप मोकळी, असं धरून चालू नका.

यावर एक मधला मार्ग आहे आणि तो फार उपयोगी पडतो. चॅप्टर १३ चा अर्ज एकट्याने केला तरी घरखर्चासाठी घेतलेल्या सामाईक कर्जाच्या वसुलीसाठी घेणेकऱ्यांना दुसऱ्या जोडीदाराच्या मागे सहसा लागता येत नाही. कलम १३०१ ने हे संरक्षण दिलं आहे. ते हप्ते चालू असेपर्यंतच टिकतं आणि त्या कर्जातला जेवढा भाग योजनेतून फेडला जाणार नाही तेवढ्यापुरतं कोर्ट ते उठवू शकतं. धंद्याच्या कर्जाला ते लागू नाही आणि चॅप्टर ७ मध्ये असं काहीच नाही.

घराच्या कर्जाचं वेगळं. दिवाळखोरीने घरावरचा बोजा उतरत नाही. एकाने अर्ज केला काय किंवा दोघांनी, घर ठेवायचं तर हप्ते भरावेच लागतात.

मालमत्ता आत कोणाची येते?

संयुक्त अर्जाबद्दल एक अर्धवट माहिती सगळीकडे फिरते: "दोघांनी केला की सूट दुप्पट मिळते." हे खरं आहे. एप्रिल २०२५ पासूनच्या केंद्रीय सुटीनुसार राहत्या घरातला तुमचा हिस्सा, म्हणजे किंमत वजा कर्ज, ३१,५७५ डॉलरपर्यंत सुरक्षित असतो. गाडी ५,०२५ डॉलरपर्यंत आणि दागिने २,१२५ डॉलरपर्यंत. याशिवाय कुठल्याही वस्तूला लावता येईल अशी १,६७५ डॉलरची मोकळी सूट आणि घराची न वापरलेली सूट असेल तर त्यातले आणखी १५,८०० डॉलर. दोघांनी अर्ज केला की हे आकडे प्रत्येकाला स्वतंत्रपणे मिळतात. (काही राज्यं, उदाहरणार्थ कॅलिफोर्निया, केंद्रीय सूट घेऊच देत नाहीत. तिथे राज्याचेच आकडे चालतात आणि त्यातली घराची सूट दोघांची म्हणून दुप्पट होत नाही.)

पण सूट दुप्पट होते तेव्हा आत येणारी मालमत्ताही दोघांची असते. बायकोच्या नावावरची जी मालमत्ता नवऱ्याच्या एकट्याच्या अर्जात आलीच नसती, ती संयुक्त अर्जात येते. मग फायदा झाला की तोटा? ते राज्यावर अवलंबून आहे.

ॲरिझोना, कॅलिफोर्निया, आयडाहो, लुइझियाना, नेवाडा, न्यू मेक्सिको, टेक्सास, वॉशिंग्टन आणि विस्कॉन्सिन या नऊ राज्यांत लग्नानंतर कमावलेली मालमत्ता साधारणपणे दोघांची सामाईक मानली जाते, पगार कोणाचाही असो. गोव्यातल्या वाचकांना ही कल्पना ओळखीची वाटेल. तिथल्या पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची संपत्ती सामाईक धरतात आणि ती पद्धत तर याहूनही व्यापक आहे. या नऊ राज्यांत एकट्याने अर्ज केला तरी बहुतेक सगळी सामाईक मालमत्ता ट्रस्टीपुढे येते. सूट मात्र एकाचीच मिळते.

एक हिशेब बघू. वॉशिंग्टन राज्यात, समजा बेलव्ह्यूमध्ये, भाड्याने राहणारं जोडपं आहे. लग्नानंतर साठवलेले ३०,००० डॉलर बँकेत आहेत. खातं बायकोच्या नावावर आहे, पण पैसे सामाईक. नवऱ्याने एकट्याने केंद्रीय सूट घेऊन चॅप्टर ७ चा अर्ज केला तर पूर्ण ३०,००० आत येतात. घर नसल्यामुळे त्याची मोकळी सूट १,६७५ अधिक १५,८०० म्हणजे १७,४७५ होते. उरलेले १२,५२५ डॉलर ट्रस्टी घेऊ शकतो. दोघांनी संयुक्त अर्ज केला तर सूट ३४,९५० होते आणि सगळे ३०,००० वाचतात. खातं बायकोच्या नावावर होतं म्हणून ते सुरक्षित समजून तिला अर्जाबाहेर ठेवलं असतं तर साडेबारा हजार डॉलर हातचे गेले असते.

तरीही या राज्यांत एकट्याच्या अर्जाला एक मोठी बाजू आहे. एकाला सुटका मिळाली की त्यानंतर कमावलेल्या सामाईक मालमत्तेवरही बहुतेक जुने सामाईक घेणेकरी हात टाकू शकत नाहीत, अगदी दुसऱ्या जोडीदाराने अर्ज केलेला नसला तरी. हे संरक्षण लग्न टिकून आहे तोवरच. घटस्फोट झाला किंवा जोडीदार गेला की ते संपतं.

बाकीच्या राज्यांत, म्हणजे जिथे मराठी वस्ती दाट आहे त्या न्यू जर्सीत किंवा इलिनॉयमध्ये, ज्याचं त्याचं धरलं जातं. तिथे नवऱ्याने एकट्याने अर्ज केला तर फक्त त्याच्या नावावरचं आणि सामाईक मालमत्तेतला त्याचा हिस्सा आत येतो. पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, फ्लोरिडा अशा काही राज्यांत पती-पत्नीच्या जोडमालकीच्या घराला खास संरक्षण आहे: फक्त एकाच्या कर्जासाठी त्या घराला धक्का लावता येत नाही. कर्ज एकट्या नवऱ्याचं आणि घर अशा जोडमालकीचं असेल तर एकट्याचा अर्ज फार भक्कम ठरतो. कर्जंही दोघांच्या सहीची असतील तर ते कवच उरत नाही.

पुण्याचा फ्लॅट, लॉकरमधलं सोनं, गावची जमीन

इथे जरा थांबून वाचा, कारण आपल्या लोकांची प्रकरणं इथेच अडकतात. कायद्यानुसार अर्जदाराची मालमत्ता जगात कुठेही असली, कोणाच्याही ताब्यात असली तरी ती अर्जात दाखवावी लागते. कोथरूडचा फ्लॅट, एनआरई खातं, ठाण्याच्या बँकेतली एफडी, एलआयसीची पॉलिसी, सातबाऱ्यावर भावांबरोबर लागलेलं नाव, सगळं. अर्जावर स्पष्ट छापलेलं असतं की खोटी माहिती दिली तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, २० वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि व्हिसावर किंवा ग्रीन कार्डावर असलेल्या माणसाला फसवणुकीत दोषी ठरणं किती महागात पडेल हे वेगळं सांगायला नको. "तिथलं इथे कोणाला कळतंय" हा सल्ला देणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

म्हणूनच अर्ज एकाचा की दोघांचा हा प्रश्न आपल्यासाठी अधिक मोठा आहे. संयुक्त अर्ज केला की दोघांच्याही माहेर-सासरचे हक्क यादीत येतात. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे. बायको अर्जदार असेल तर तिच्या वडिलांकडच्या वडिलोपार्जित जमिनीतला तिचा हिस्साही सांगावा लागतो, वाटणी झालेली नसली तरी. आई-वडिलांनी स्वतः कमावलेलं घर ते हयात असेपर्यंत त्यांचंच असतं, त्यावर मुलांचा हक्क नसतो, हा फरक वकिलाला नीट समजावून सांगा. अमेरिकन वकिलाला सातबारा कळेलच असं नाही.

हक्कसोड पत्राचंही तसंच. बहिणीने भावाच्या नावे हक्क सोडून देणं ही आपल्याकडे रूढ गोष्ट आहे. पण अर्जाआधीच्या दोन वर्षांत असं पत्र करून दिलं असेल तर अमेरिकन ट्रस्टीच्या दृष्टीने ती मोबदला न घेता दिलेली मालमत्ता असते. ते अर्जात सांगावंच लागतं आणि तो व्यवहार उलटवायचा प्रयत्न होऊ शकतो. राज्याच्या कायद्यानुसार हा मागचा काळ अनेक ठिकाणी चार वर्षांपर्यंत जातो. हातउसने घेतलेले पैसेही बघा. मेहुण्याचे पाच हजार डॉलर अर्जाच्या आधी वर्षभरात परत केले असतील तर ट्रस्टी ते मेहुण्याकडून परत मागू शकतो, कारण इतर घेणेकऱ्यांना डावलून नातेवाइकाला पैसे दिले गेले. ज्याच्या खात्यातून ते गेले तो जोडीदार अर्जदार आहे की नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

वारसाहक्काचा नियम कठोर आहे. अर्जाच्या तारखेपासून १८० दिवसांत अर्जदाराला वारसा मिळाला, म्हणजे त्याचे किंवा तिचे आई-वडील त्या काळात गेले, तर तो वारसाही अर्जातल्या मालमत्तेत धरला जातो. ज्याचे आई-वडील फार आजारी आहेत त्याने अर्ज करावा का, कधी करावा, हा विचार मनाला कितीही जड वाटला तरी वकिलापुढे बोलून टाका. बायकोने अर्ज केलेला नसेल तर तिचा वारसा तिचाच राहतो. सामाईक मालमत्तेच्या राज्यांतही वारसा साधारणपणे ज्याला मिळाला त्याचाच धरतात.

आणि सोनं. लग्नात बायकोला माहेरून-सासरून मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन. न्यू जर्सीसारख्या राज्यात नवऱ्याने एकट्याने अर्ज केला तर ते आत येत नाहीत. संयुक्त अर्जात येतात, आणि मग मंगळसूत्र, पाटल्या, तोडे, नेकलेस यांची आजच्या बाजारभावाने किंमत दाखवावी लागते. दागिन्यांची २,१२५ डॉलरची सूट आजच्या भावात लवकर संपते. त्यावर मोकळी सूट लावता येते, पण घरासाठी सूट वापरून टाकली असेल तर ती फारशी उरत नाही. अंगावर सोनं जास्त आणि कर्ज मुख्यतः नवऱ्याचं, अशी स्थिती असेल तर माझ्या मते एकट्याच्या अर्जाचा विचार आधी करावा. लॉकर दोघांच्या नावावर असेल तर कुठले दागिने तिचे हे दाखवायला पावत्या, लग्नातले फोटो, जुने मूल्यांकन असं काहीतरी हाताशी ठेवा.

पगार लपत नाही

बायकोला बाहेर ठेवलं म्हणजे तिचा पगार हिशेबात येणार नाही, हा आणखी एक गैरसमज. २००५ पासून चॅप्टर ७ साठी उत्पन्नाची चाचणी आहे: आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीवरून वर्षाचं उत्पन्न काढून ते त्या राज्यातल्या तेवढ्याच माणसांच्या कुटुंबाच्या मध्यम उत्पन्नाशी ताडून बघतात. नवरा-बायको एका घरात राहत असतील तर एकट्याच्या अर्जातही दुसऱ्याचा पगार दाखवावा लागतो. मात्र त्यातला जो भाग अर्जदारावर किंवा त्याच्यावर अवलंबून असलेल्यांवर खर्च होत नाही तो वजा करता येतो. बायको तिचं स्वतःचं विद्यार्थी कर्ज फेडत असेल, किंवा कोल्हापूरच्या आईला नियमित पैसे पाठवत असेल, तर ते यात बसू शकतं. पाठवल्याच्या नोंदी हव्यात. अर्ज करायच्या महिन्यात अचानक सुरू केलेली रक्कम कोणी मानणार नाही. कर्ज मुख्यतः धंद्याचं असेल तर ही चाचणी लागूच होत नाही. दुकान किंवा रेस्टॉरंट बुडालेल्यांनी हे जरूर विचारावं.

चॅप्टर १३ ला कर्जाची मर्यादा आहे, एप्रिल २०२५ पासून बिनतारण ५,२६,७०० डॉलर आणि तारणी १५,८०,१२५ डॉलर. संयुक्त अर्जात ती दुप्पट होत नाही. दोघांची मिळून मर्यादा ओलांडली जात असेल तर वेगवेगळे अर्ज करावे लागू शकतात.

वेळेचाही विचार करा. एकदा चॅप्टर ७ मधून सुटका मिळाली की पुढच्या चॅप्टर ७ साठी आधीच्या अर्जाच्या तारखेपासून आठ वर्षं थांबावं लागतं. नवऱ्याने पाच वर्षांपूर्वी अर्ज केला असेल तर आता बायको एकटी करू शकते. आणि दोघांनी आज एकदमच अर्ज केला तर पुढच्या आठ वर्षांत नवं संकट आलं तरी हा मार्ग दोघांनाही बंद. बायकोचं क्रेडिट चांगलं आहे, तिच्या सहीची कर्जं थोडी आहेत आणि ती फेडता येण्यासारखी आहेत, तर तिला बाहेर ठेवण्यात शहाणपण आहे. चॅप्टर ७ ची नोंद क्रेडिट रिपोर्टवर दहा वर्षं राहू शकते. पुढचं भाड्याचं घर किंवा गाडी घ्यायला घरातल्या एकाचा तरी रिपोर्ट स्वच्छ असणं फार मोलाचं असतं.

घटस्फोटाच्या वाटेवर असलेल्यांसाठी थोडं वेगळं. "हे कार्ड नवऱ्याने भरायचं" असं घटस्फोटाच्या निकालात लिहिलं तरी बँकेवर ते बंधनकारक नसतं, बँक दोघांनाही धरते. म्हणून बोलणं शिल्लक असेल तर घटस्फोटाआधी मिळून चॅप्टर ७ करून सामाईक कर्ज संपवणं बहुतेकदा बरं. नंतर एकट्याने चॅप्टर ७ केलं तर निकालात मान्य केलेली ती जबाबदारी माजी जोडीदाराच्या संदर्भात पुसली जात नाही. वेगळं होणाऱ्यांनी पाच वर्षांचं चॅप्टर १३ एकत्र उचलू नये असं मला ठामपणे वाटतं.

वकिलाबद्दल एक गोष्ट. संयुक्त अर्जात एकच वकील दोघांचं काम बघतो. सोनं तिचं, कर्ज त्याचं, किंवा एकाला दुसऱ्याच्या कर्जाची माहितीच नव्हती, असं काही असेल तर दोघांचं हित एक नसतं. अशा वेळी बायकोने, किंवा नवऱ्याने, एकदा तरी दुसऱ्या वकिलाचा स्वतंत्र सल्ला घ्यावा. पहिली भेट अनेक वकील मोफत देतात. त्या भेटीला दोघांनीही जा, दोघांचे क्रेडिट रिपोर्ट, सहा महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि भारतातल्या मालमत्तेची यादी घेऊन. कोर्टाची फी एकदम भरणं जमत नसेल तर हप्ते मिळतात, आणि उत्पन्न केंद्रीय दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपेक्षा कमी असेल तर चॅप्टर ७ ची फी माफ करण्यासाठी अर्ज करता येतो.